घरच्यांची नावं

आश्रमातून सांभाळायला दिलेली शकू मिशनच्या उन्हाळी शिबिरातून आठवड्याने परतली होती. तिला सांभाळणाऱ्या, न्यायला आलेल्या बाईशी तिचं चाललेलं बोलणं कर्जतच्या स्टँडवर, कळंबच्या गाडीच्या रांगेत, मागे उभ्या असलेल्या वसुधाला ऐकू येत होतं.

“बाटवलं नाय ना गं तुला?”

“नाय मावशी. जेवायच्या आदी डोळं मिटून घरच्यांची नावं घ्यायची, मंग देव त्यांना सांभाळतो.”

“कोनाची घेतलीस?”

“काकांचं घेतलं. म्हशीचं पन घेतलं.”

“म्हशीचं घेतलंस, आनि माजं?”

“तुमचं नाव मला कुटं ठाव हाय? काका ‘अगं’ म्हनतात, शेजारी वयनी म्हनतात.”

“मंग?”

“आई म्हनले. तितं वळखीचं कोन नव्हतं.”

बाईने हात पुढे केला.

“पिशवी दे इकडं. जड हाय.”