म्हशीच्या वाटंनं आलेला रस्ता

मी जनाबाई. आम्ही गवळी धनगर, राधानगरीच्या वर डोंगरात आमचा वाडा हाय, धा-बारा घरं. माझा जलमबी असल्याच दुसऱ्या वाड्यावरचा, त्यामुळं लगीन करून हितं आलो तरी डोंगर काय बदलला न्हाई, फकस्त म्हशी बदलल्या. दूध-लोणी डोक्यावर घेऊन खालच्या गावात जायचं, दोन तास उतरायला, तीन तास चढायला. शाळा न्हाई शिकलो, पर मला लहानपणापास्नं एक खोड, दिसंल त्याला इचारायचं, ह्ये काय, ह्ये कशाला. सासू म्हणायची, ह्या बाईच्या तोंडाला दार न्हाई.

आता रस्त्याचं काय सांगू तुम्हाला, पावणं. माझी धाकटी जाऊ हुती, सखू. बाळतपणाला अडली. चार गड्यांनी घोंगडं बांबूला बांधून डोली केली आणि दवाखान्याला घेऊन निघालो, मी संगं हुतो. वढा भरून चाललेला. पाणी उतरंपर्यंत थांबलो, आणि तितंच ती गेली, पोटातल्या जिवासकट. तवापास्नं आमचं मालक रस्त्याचा अर्ज घेऊन तालुक्याला जायला लागलं. जायचं आणि यायचं. म्हणायचं, सायेब जाग्यावर न्हाईत.

मग नव्वदच्या पुढं कवातरी सायेबच वर आलं. ओव्हरसियर, तरणाच माणूस, संगं मोजणीची पट्टी-साखळी धरणारं दोन खलाशी आणि एक फॉरेस्टचा गार्ड. दम खात बसलं आणि म्हणालं, सरकारनं ठरवलंय, वाड्यावरच्या लोकास्नी इचारून रस्ता करायचा, तर तुम्हीच सांगा कुठनं न्यायचा. सगळी गप. आमचं मालकसुदिक गप, एवढे अर्ज करून. कारण भ्या येगळंच हुतं, जंगल राखीव, मोजणी आली म्हंजे आम्हाला उठवणार अशी बोलवा हुती.

माझं ध्यान सायबानं हुभ्या केलेल्या तीन पायांच्या मोजणीच्या दुर्बिणीवर. मी म्हनलं, सायेब, ह्येच्यातनं काय दिसतंय. म्हणालं, बघा की मावशी. बघितलं तर लांब पट्टी घेऊन हुभा असलेला खलाशी उलटा, पाय आभाळात, डोकं खाली. मी म्हनलं, सरकारला आम्ही असंच दिसतो व्हय. सगळी हासली, सायेबबी हासलं, म्हणालं, ह्या दुर्बिणीत समदं उलटंच दिसतंय. तेवढ्यात मी इचारून घेतलं, मोजून झाल्यावर आम्हाला उठवणार काय. सायेब म्हणालं, मावशी, माझ्या हातात फकस्त रस्ता हाय, फुडचं मी खोटं सांगणार न्हाई. पर नकाशावर तुमची घरं मी काढणार, एक बी न सोडता. रस्ता ज्या दारात जातोय ती घरंच न्हाईत असं मग कुणाला म्हणता येणार न्हाई. ह्ये ऐकून मालक उठलं आणि म्हणालं, चला, दावतो.

दोन दिस हिंडलो. सायबाची कागदावरची रेघ जांभळीखालच्या उतारानं सरळ जात हुती. मी म्हनलं, हितनं नको, हितनं म्हशी जात न्हाईत. दुसरा असता तर हासला असता, ह्यो माणूस म्हणतोय, का जात न्हाईत. आणि बघा, जगाला इचारत आलो, पर ह्ये मी कवा कुणाला इचारलंच नव्हतं. सायबानं खलाशाला खणाय लावलं. ऐन उन्हाळा, आणि कमरंएवढ्या खड्ड्यात काळा चिखल आणि पाणी. सायेब म्हणालं, रस्ता हितनं नेला तर पहिल्या पावसात खाली बसंल. मग रेघ म्हशीच्या वाटंवर घेतली, लांबली, पर घेतली. वरल्या खडकापाशी मातूर मी डावीकडनं म्हणत हुतो, सायेब म्हणालं, तिथं गाडी वळायची न्हाई. मी लई भांडलो. फुडं मुरमाचा ट्रक सायबाच्या बाजूनंबी कसाबसा वळला, तवा कळलं, सायबाचंच खरं हुतं.

फॉरेस्टच्या परवानगीत वर्सं गेली. त्या सायबाची बदली झाली, पर त्याचा नकाशा घेऊन दुसरा आला. आम्ही घरटी एक माणूस दगड फोडायला लागलो. आता जीप दारात येती. सून जीपमधनं दवाखान्यात गेली आणि नात घेऊन आली.

पर रस्ता झाला तशी पोरं खाली उतरली. माझा ल्योक कागलला कामाला हाय. एकदा त्याच्याकडं आठ दिस ऱ्हायलो. खोली हायवेच्या कडंला, मी आपली दारात बसून गाड्या बघायचो. सून म्हणायची, आत्ती, काय बघताय एवढं. मी म्हनलं, एवढी माणसं कुठं चाललीत ते इचारावं वाटतंय, पर थांबंल कोण. आलो माघारी. हितं दिसाला एकच गाडी येती, पर आलेला माणूस थांबतोय, बोलतोय. बरं झालं आलासा, पावणं. सुखानं जावा.