घोंगडीचं बारावं भोक

…अन् मले कोनी इचारलं काय? नाही! सारं गाव चावडीपुढं तीन तास बोललं, ज्याले घरात बायको बोलू देत नाही तोही बोलला, पन ज्याच्या नावावर बंदुक, ज्याच्या खांद्यावर बंदुक, ज्याची झोप त्या बंदुकीनं खाल्ली, त्या जहीर पिंजाऱ्याले कोनी म्हनलं काय, का बापा, तुले काय वाटते? सरका जरा, बसू द्या. आर्णीची मोटार काही इतक्यात येत नाही. अन् माझ्या खांद्यावर काय हाय म्हनून असे डोळे मोठे करू नका. कापूस पिंजायची कमान हाय. हिले लायसन लागत नाही. अजून तरी!

बंदुक मी हौसेनं घेतली नव्हती, तुमाले सांगतो. अब्बाची होती. ठासनीची. नळीत बारूद टाका, वरून छर्रे टाका, गजानं ठोका, टोपी बसवा, मंग कुठी ते धडाम! अब्बाले शिकारीचा भारी शौक. अन् मी? लग्नात फटाका फुटला तर कानात बोटं घालनारा मानूस! छप्पन साली अब्बा गेले, अन् चार दिवस झाले नाही तं तांड्याचा नाईक उत्तमसिंग दारात उभा. "जहीरमिया, लायसन तुह्या नावावर करून घे. रानडुकरं जवारी खाऊन राह्यली, गावात बंदुक एकच हाय." मी म्हनलं, नाईक, मी साधा पिंजारी… "अर्ज मी लिहूनच आनला, तू सही कर!" झाली सही. मले कोनी इचारलं काय?

तवापासून डुक्कर कोनाच्याही वावरात येवो, हाक माझ्या दारात. माझी बायको हजराबी कपाळाले हात लावे. "सारे गाव का ठेका तुमनेच लिया क्या?" मी म्हनो, मी नाही घेतला, देल्ला मले!

अन् पहिल्याच साली काय झालं ते सांगतो. दिवस बुडून राह्यला होता, मी उत्तमसिंगच्या वावराच्या धुऱ्यावर बसेल होतो. पाहतो तं काय, काट्याच्या कुपाटीपाशी काळंभोर, मोठं, हलून राह्यलं! डुक्कर! लावला नेम, मिटले डोळे… हो, डोळे मिटूनच, नाही तं भेव वाटते… अन् धडाम! धूर गेला, पाहतो तं डुक्कर पळालं नाही, पडलं नाही, कुपाटीवर तसंच लटकून हाय. जवळ गेलो. घोंगडी! उत्तमसिंगची काळी घोंगडी! मले वाटलं, मानूस आत हाय. घोंगडी उचलाची हिंमत होईना. मी तिथंच ढेकळात बसलो अन् लहान पोरावानी रडलो. तितक्यात मांगून आवाज आला, "काय झालं बे?" उत्तमसिंग! हातात टमरेल, धोतर सावरून राह्यला! घोंगडी कुपाटीवर टाकून बुढा परसाकडं गेलता!

त्यानं घोंगडी उजेडाकडं धरली, भोकं मोजली. अकरा! अन् हा मानूस रागावला काय? छ्या! छाती फुगवून गावभर दाखवत फिरला, "पाहा, आपल्या गावची बंदुक!" थंडी असो, ऊन असो, अकरा भोकाची घोंगडी नाईकाच्या खांद्यावर. अन् ती दिसली का मी गल्ली बदलो.

त्या दिवसापासून मी ठरवलं, छर्रे बंद. कोनाले सांगतलं नाही. हजराबीलेही नाही. नळीत बारूद टाकाचा अन् वरून काय? कापूस! पिंजाऱ्याच्या घरी आनखी काय असन? चांगला पिंजलेला बोळा, गजानं दाबाचा अन् धडाम! आवाज तितकाच, धूर तितकाच. डुकरं पळत. लोक म्हनत, वा जहीरमिया! सहा वर्सं, भाऊ! सहा वर्सं मी डुकराले कापूस मारला!

मंग बासष्ट साली आला हत्याराचा नवा कायदा. जवारीच्या दिवसात तहसीलीतून एक साहेब आले, चावडीपुढं खुर्ची टाकली, वही उघडली, म्हनले, "गावात बंदूक ठेवावी की जमा करावी, यावर गावकऱ्यांचं मत काय?" अरे बापा! गावाले मत इचारता? आमच्या गावात?

उत्तमसिंग उठला. घोंगडी दोनी हातानं पसरली. "पाहा साहेब, अकरा भोकं! हे छर्रे डुकराच्या अंगात गेले असते तं डुक्कर उठलं असतं काय?" तिकडून पूनमसिंग उठला. तो पेपर वाचते, म्हनून साऱ्याच्या उलटं बोलते. त्यानं तेच घोंगडीचं टोक वढलं. "पाहा साहेब, अकरा भोकं! नाईक आत असता तं नाईक उठला असता काय? बंदुक एकाच्या हातात अन् भेव साऱ्या गावाले! न्या, जमा करा!" साहेबानं लिहून घेतलं, "म्हणजे बंदूक नको, असं तुमचं मत?" "नकोच! अन् ठेवाचीच असन तं मलेही एक द्या!"

मंग काय, सुटले सारे! एक म्हने, बंदुक ठेवा, बारूद जमा करा. दुसरा म्हने, बारूद राहू द्या, बंदुक न्या. तिसरा म्हने, "डुकरं काय साहेबाले अर्ज करून येतात?" मांगून कोनीतरी ओरडलं, "बंदुक राहू द्या, जहीरले बदला!" ते मले एकदम पटलं, पन मले कोनी इचारलं काय?

मी आपला बंदुक मांडीवर घेऊन घामानं भिजून राह्यलो. बंदुक राह्यली तं एक ना एक दिवस कोनाचा तरी जीव माझ्या हातानं जाईन. अन् खरं सांगतलं तं गाव म्हनन, सहा वर्सं आमची जवारी तुह्या भरवशावर सोडली अन् तू आमाले फसवलं? या गावातच तं गाद्या भरतो मी, जाऊ कुठी?

तितक्यात साहेब म्हनले, "चालते का ही? चालवून दाखवा बरं." उत्तमसिंग टनकन उडाला, घोंगडी निंबाले टांगली, "मार जहीर! पाड बारावं भोक!" निंबाच्या मांगं अर्धा तांडा उभा… मी पाठ फिरवली, बारूद टाकला. कमरेले छर्ऱ्याची थैली होती, पन हात थैलीकडं गेलाच नाही. खिशाकडं गेला. डोळे मिटले अन् धडाम!

धूर गेला. उत्तमसिंग घोंगडीपाशी धावला, मोजाले लागला. "आठ… नऊ… दहा… अकरा." पुन्हा मोजलं. "अकरा?" घोंगडी उलटी केली. "बारावं कुठी हाय?" अन् साहेबाच्या बुटापाशी एक काळा पडलेला बोळा धुपून राह्यला होता. साऱ्या गावानं बोळा पाह्यला, मंग मले पाह्यलं. पूनमसिंग म्हनला, "हा तं कापूस हाय!" मले वाटलं, जमीन फाटावी.

तवा रुपीबाई पुढं आली. उत्तमसिंगची बायको, आमी सारे तिले याडी म्हनतो, म्हनजे आई. हिरीवरून आली होती. डोक्यावरचा घडा तिनं उतरवला, खालची चुंभळ काढली, दातानं टाका तोडला अन् साहेबापुढं उलटी केली. आतून काय पडलं? काळा-पांढरा कापूस, बोळे अन् बोळे! "सहा वर्सं कुपाटीवरून येचून राह्यली मी," ती म्हनली. "पहिल्या हप्त्यातच समजलं मले, पोरगं छर्रे भरत नाही. म्हनून तं माझा बुढा वावरात झोपे अन् मी घरी निचिंत झोपो. जवारी थोडी गेली तं गेली, मानूस आनता येते काय?" मंग ती साऱ्यावर वरडली, "तीन तास तोंडं चालवली तुमी. ज्याच्या खांद्यावर हाय, त्याले कोनी इचारलं काय? बोल जहीर, तुले काय वाटते?"

आता बोला! सहा वर्सं ज्याची वाट पाह्यली तो प्रश्न आला अन् मी बंदुक साहेबाच्या वहीवर ठेवून देल्ली! डोळ्यातून पानी. कसंबसं म्हनलं, "घेऊन जा साहेब." उत्तमसिंगनं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हनला, "घेऊन जाच साहेब."

साहेबानं पावती देल्ली. मी घरी गेलो, हजराबीनं रिकामा खांदा पाह्यला. "किधर छोड आए?" म्हनलं, सरकारजवळ. ती इतकी हसली, इतकी हसली, का भाकर करपली. तशीच खाल्ली अन् मी झोपलो तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठलो. मधात दोनदा तिनं नाकाजवळ बोट धरून पाह्यलं म्हने, जित्ता हाय का नाही! हलकं म्हनजे किती हलकं वाटलं, तुमाले सांगतो, पिंजलेल्या कापसावानी.

अन् इथंच सपलं असतं… पन आठ दिवसानं पूनमसिंग गादी भराले आला. मी कमान हाती घेतली, तिच्या ताणलेल्या तातीवर ठोका मारला, धुंई धुंई! त्याचं कुत्रं शेपूट घालून जे पळालं ते थेट नाल्यापार! पूनमसिंग उडी मारून उठला, "अबे, हेच पाहिजे!" झाली पुन्हा सभा. दोन तास. ठरलं, डुकरासाठी जहीरनं कमान घेऊन वावरात बसाचं. मले कोनी इचारलं काय?

आता रोज दिवस बुडता वावरात बसतो, कापूस पिंजतो. बाजूले उत्तमसिंग घोंगडी पांघरून घोरते. अकराच भोकं हायेत, मी रोज मोजतो, अन् मोजून झालं का मले लय बरं वाटते. खोटं कायले बोलू, बंदुकीपेक्षा लाख पटीनं बरं हाय.

फक्त आता पूनमसिंगनं नवा अर्ज देल्ला हाय. कमान एकट्या जहीरजवळच काहून? एक तं हिलेही लायसन लावा, नाही तं मलेही एक द्या! सोमवारी चावडीवर सभा हाय. मले कोनी बोलावलं काय? नाही! कमान तेवढी घेऊन ये म्हनले.