दीड जीबीचं बारसं

अनिता : भाऊ, सकाळी तुमच्या फोनमध्ये दीड जीबी होता. तो कंप्युटरला जोडलात आणि पावणेचारला नऊ एमबी उरलाय. मधे काय केलंत?

दत्तोबा : काय बी न्हाई. कंप्युटरला हात लावला न्हाई.

विठाबाई : हात न्हाई, डोळं लावलं. सकाळधरनं व्हिडिओ बघत बसलेत.

दत्तोबा : शिकत व्हतो. ‘डेटा वाचवण्याचे एकवीस उपाय’. चार वेळा लावला. अकरावा उपाय ध्यानातच राहीना.

अनिता : अकरावा काय होता?

दत्तोबा : व्हिडिओ एकदम स्वच्छ चित्रात बघू नये.

विठाबाई : ऐक, अनिता. माझा धाकटा भाऊ संदेश चाळिशीला आला तवा त्याला लेक झाली. आपल्या चार वाजता तितं जर्मनीत बारसं. नाव आत्यानं ठेवायचं, अन् आत्या मी एकटीच. फोनवर मला दिसत न्हाई म्हनून ह्यांना म्हनलं, कंप्युटर लावा. सकाळधरनं नवं लुगडं नेसून बसलीय मी.

अनिता : म्हणून तर वडगावच्या कचेरीतून अर्धी रजा टाकून आले, मावशी. नुसत्या व्हिडिओनं एवढा जात नाही. हे बघा, कंप्युटर मागच्या मागं स्वतःचं अपडेट उतरवून घेतोय. आणि भाऊ, हे बाराशे फोटो क्लाऊडवर चाललेत. सगळे तिकोणा गडाचे.

दत्तोबा : क्लाऊड म्हंजी ढगच ना? तिकोण्यावर तो फुकटात येतोय की.

अनिता : मागच्या महिन्यात सांगितलं होतं, मीटर्ड कनेक्शन करून ठेवा. मग तो मोठं काही आपणहून ओढत नाही.

दत्तोबा : मीटर म्हनलीस, मी नको म्हनलं. मीटर आला की रीडिंगवाला आला.

विठाबाई : घ्या आता रीडिंग. नऊ.

अनिता : जादाचं रिचार्ज मारा ना.

दत्तोबा : बारा वाजता मारलं. ते बी ह्यानंच प्यालं. आता रिचार्जवाल्या विक्कीचं दुकान बंद, आज सोमवार.

अनिता : माझ्या कार्डाला तुमच्या गावात रेंज नाही, नाहीतर माझं दिलं असतं. थांबा. अपडेट थांबवलं, फोटोही थांबवले. आता मावशी, चित्र लावलं तर मिनिटभर टिकेल, फार तर. नुसता आवाज घेतला तर दहा मिनिटं सहज.

विठाबाई : मिनिटभरात पाळणा दिसंल, सजवलेली भिंत दिसंल. मी कुर्र करायच्या आत...

अनिता : कट.

विठाबाई : फोटो हाय गं तिचा माझ्याकडं. हालताना बघायचं व्हतं.

दत्तोबा : चुकलं माझं.

विठाबाई : कितवा उपाय हा?

अनिता : मावशी, चार वाजले. त्यांचा कॉल येतोय. काय करू?

विठाबाई : नाव कानात सांगायचं असतंय. चित्र बंद कर.

(कॉल लागतो. पलीकडून बायकांचा गलका, भांड्याचा आवाज, मग शांतता.)

विठाबाई : संदेश, फोन तिच्या कानाशी धर. लय चिकटवू नगं. अनिता, माझ्या पाठीत बुक्क्या कोण मारनार? त्याबिगर आत्यानं ठेवलेलं नाव खरं न्हाई.

दत्तोबा : मी मारतो की.

विठाबाई : तुमी नगं. आज तुमची खायची पाळी हाय. अनिता, ये अशी मागं. कुर्रर्र... पवना. कुर्रर्र... पवना.

अनिता : रडायलाच लागली, मावशी. संदेशदादा म्हणतोय, तिला घेतो, मग बोलू. ठेवला त्यानं.

दत्तोबा : पवना? धरणावरनं?

विठाबाई : नदीवरनं. धरण मागनं आलं.

दत्तोबा : चित्र लावलं असतं तर मिनिटभर दिसली तरी असती.

विठाबाई : आयकली की. संदेश बी असाच रडायचा, मी झोळी हलवायची थांबले की. आई शेतावर, मी नि तो घरात. अख्खी दुपार हात दुखायचा.

अनिता : मावशी, अजून पाच एमबी आहेत.

विठाबाई : मग घडीभरानं परत लाव. गप बसली का, तेवढं आयकते.