पट्ट्याखालची झोळी

— तिकडनं न्हाई मिस्तरी, हिकडनं ये, त्या अंगाला खोकी रचल्यात, तितनं वाकलास तर डोकं आपटंल. ये, माज्याजवळ ये. माधवनगरवरनं आलास न्हवं? मालकांनी सकाळीच सांगितलंय, पट्ट्याचं माप घ्यायला मानूस यायचाय, तानूबाई, त्येला काय हवं-नगं बघा. तानूबाई म्हंजे मीच. ह्या बेदाण्याच्या शेडातल्या समद्या बायांची मुकादम. आता मुकादम असून ही म्हातारी पट्ट्याखाली पोतं टाकून काड्या येचत का बसलीया, आसं वाटलं असंल तुला — वारं लागतंय म्हनून बसती. तू आपला पट्टा बघ. किती लांब, किती रुंद, माल घिऊन माळ्यावर कसा चढतोय, समदं बघ — फकस्त हिकडं खाली बघू नगंस. बघितलंस? बरं, बघितलंस तर बघितलंस. झोळी हाय ती. झोळीत माजी नात हाय, क्रांती, झोपलीया. तुज्या मापात तिचं काय काम न्हाई, तवा मालकाम्होरं तिचं नाव काढायचं न्हाई, यवढंच सांगायला तुला जवळ बोलावला.

तोंड वाकडं करू नगंस, दुसरी जागा दाव मला. भाईर मरणाचं ऊन, पल्याडच्या खोलीत गंधकाची धुरी, शेडात क्रेटावर क्रेट, छत हे यवढं उंच — झोळी बांधायची कशाला? ह्या पट्ट्याच्या लोखंडी अँगललाच की. हितं बांधली म्हंजे टेबलावर काम करणाऱ्या आयला पोर दिसतंय आन भाईरच्या मानसाला दिसत न्हाई. माल परदेशी जातोय, बघाय लोकं येत्यात, त्यास्नी शेडात पोर दिसता कामा नये. भाऊसो मालक तसा वाईट न्हाई. त्यो म्हनला, पोरं आना, पर माज्या नजरंला पडाय नगंत आन पोरापायी पट्टा थांबाय नगं. म्हंजे त्येला ठावं हाय आन ठावं न्हाई बी. आता तू जाऊन बोललास, का त्येला ठावं व्हावं लागंल — मग पोरं बंद, आन पोरं बंद म्हंजे त्येंच्या आया बंद. ती टेबलाच्या कडंची राणी, माजी सून. ल्योक माजा धुळा, त्यो तिकडं मद्रासच्या अंगाला, विट्याच्या एकाच्या गलाईच्या दुकानात सोनं गाळतोय, फोनमदी पोरीला बघतोय न्हवं का. हितलं काम सुटलं तर मी माहेरी जानार, आसं राणीनं तोंडावर सांगितलंय मला. मग माज्या घरात मी आन चार भांडी. एकलीला घर खायाला उठतंय रं बाबा, तू अजून पोरगा हाईस, तुला कळायचं न्हाई.

पट्ट्याचं इचार, पट्ट्याचं सांगती. पयला पट्टा गुळगुळीत व्हता — बेदाणा वर चढायचा आन गरागरा खाली यायचा, बायांच्या डोक्यात. मग हा नक्षीचा आनला, बानाच्या टोकावानी उंच उंच पट्ट्या हायत्या बघ त्येच्यावर, त्या माल धरत्यात. पर बेदाणा गोड न्हवं? चिकटतोय. त्या नक्षीच्या बुडाला गोड बसतंय, मुंग्या लागत्यात. आमी कोमट पान्यानं आन काथ्यानं घासून काढायचो — बराबर करत हुतो न्हवं? व्हय ना? आन आमचा मशीनवाला अमृत, त्येनं हंगाम संपल्यावर डिझेलनं पुसला. लवकर निगतंय म्हनला. रबर फुगलं, नक्षी जाग्याजाग्याला उपटून आली. तू कपाळाला हात लावलास का आत्ता? लाव, मी बी तवा लावला हुता. आन परतीला ही नक्षी खालच्या रोलरवरनं घासत येती, धडधड धडधड, समदा अँगल हलतोय. रोलर बी साधं बसीवल्यात, तुमी मिस्तरी लोकं म्हनता रबराच्या कड्यांचं पायजे व्हतं, म्हंजे आवाज व्हनार न्हाई. पर आवाज न्हाई तर पोरं झोपायची कशी? ह्या धडधडीनंच झोपत्यात. आया म्हनत्यात, घरी पाळन्यात डोळ्याला डोळा लावत न्हाई आन हितं टाकली की गप. म्हनून सांगती, नवा पट्टा घालशील तर असलाच घाल, नक्षीचा, धडधडनारा.

कडंला काय बोट दावतुयास? ठावं हाय मला. पट्टा एका अंगाला पळतोय, ह्याच अंगाला, झोळीच्या. खालच्या रोलरवर गोडाचा थर चढला की पळतोय, अँगलला घासून घासून त्येचं सूत सुटलंय. सुताचं काय नसतंय रं. पट्ट्याची दोन टोकं जोडनारी ती लोखंडी किलिप — तिचं एक टोक वर आलंय, ते वाईट. मागं बिराप्पाच्या बायकूची झोळी त्या टोकानं धरली. लुगड्याचं फडकं, जुनं, मऊ — धरलं आन वडत न्हेलं रोलरकडं. पोर आत. माज्या हातात शेरडाचा पाला तोडायचा इळा हुता म्हनून, न्हाईतर — मी फडकं कापलं, पोर खाली पोत्यावर पडलं, रडलं बी न्हाई ते, नुसतं बघाय लागलं. बिराप्पाच्या बायकूला मी सांगितलं, गाठ सुटली. कुनालाच खरं सांगितलं न्हाई, राणीला बी न्हाई. तवापास्नं हितं बसती. वाऱ्याला न्हाई, हां, कळलंच असंल तुला. हा मांडीवरचा इळा त्याचसाटी. एका हातात पोरीच्या झोळीची दोरी, एका हातात इळा. पल्याडच्या दोन झोळ्या बी माज्याच नजरंखाली.

तवा आसं कर. मालकाला काय बोलू नगंस, आजच्या आज ते टोक ठोकून काढ आन पट्टा मदी आन. नवा येईल तवा येईल. का न्हाई? पट्टा थांबवाय लागंल? थांबवाय मालकाला इचारावं लागंल, आन त्यो का थांबवू म्हनून इचारंल, आन तू सांगशील? बघ मिस्तरी, मी गोडीगुलाबीनं सांगतीया तवर आयकून घे. ह्या तासगावच्या भागात जितक्या शेडी हायत्या त्येंच्या मुकादमनी माज्या हाताखाली शिकल्यात. माधवनगरचा त्यो मिस्तरी काम बिघडीवतोय, यवढं एक वाक्य माज्या तोंडनं गेलं, की तुला ह्या अंगाला कोन पट्टा जोडाय बोलवनार न्हाई. मागं एक असाच लय सरळ मानूस आला हुता. परत दिसला न्हाई. मी काय केलं न्हाई, दिसला न्हाई यवढंच सांगती. आन नवा पट्टा याला किती दिस? आट? आट दिस हे टोक असंच फिरायचं का? — न्हाई, तुला न्हाई बोलत, माज्या मनाशी बोलतीया.

डोळ्याचं काय? काय झालंय माज्या डोळ्याला? तुज्या हातातली दोरी — फीत व्हय ती? बरं फीत, मी दोरी म्हनलं, म्हनून काय लगीच. जरा धुकं दिसतंय. मोतीबिंदू हाय, मिरजंचा डाक्टर म्हनला ह्या डोळ्याचं लगीच करू आन त्या डोळ्याचं मागनं. हंगाम झाल्याबिगर जायची न्हाई मी, माज्या जागी हितं कोन बसंल? राणीला ठावं न्हाई, मालकाला न्हाई, तू बी गप ऱ्हा. दिसाय कशाला पायजे, मला आयकू येतंय की. किलिप रोलरवर आली की टक्क वाजती. टक्क झालं की मी इळा घट धरती, फुडं गेली की सैल सोडती, दिसभर आसंच चाललंय. त्या धडधडीत बी मला टक्क बराबर कळतंय. पोरीचा श्वास बी कळतोय. तू कुटं हुबा हाईस ते बी कळतंय — आता माज्या डाव्या हाताला, झोळीच्या तोंडाशी वाकलायस. फीत पडली का? हुडक हुडक, पोरीला धक्का लावू नगंस मातर, उठली तर मालकापतुर आवाज जातोय. मी काय म्हनत हुते? हां, नजर. डोळं नुसतं बघाय असत्यात, राखन करायला जीव असावा लागतोय, आन माजा जीव हितं ह्या दोरीला बांधलाय. माज्या हातातनं पोरीला कोन न्हील? पट्टा न्हील? मी असताना?

थांब. बोलू नगंस जरा. दोरी हलकी लागतीया. — सरक, मिस्तरी, सरक बाजूला. झोळी रिकामी हाय. फडकं हाय, आत पोर न्हाई. टक्क तर झालं न्हाई, मला आयकू आलं न्हाई — राणे, अगं राणे, अमृता, पट्टा बंद कर, पट्टा — इळा कुटं पडला माजा —

कोन हसलं? क्रांती? तुज्याकडं हाय? तुज्या खांद्यावर?

कवा घेतलीस. मी बोलत हुते तवा? मी दोरी हलवत हुते आन तू आतनं पोर काढलीस, माज्या डोळ्याम्होरं, माज्या हाताखालनं? आन मी रिकामी झोळी हलवत बसले. किती येळ झाला? आसू दे, सांगू नगंस, मला आयकायचं न्हाई.

लय भ्या वाटतंय रं मला. इतकं दिस तीन पोरास्नी राखतीया म्हनत हुते.

न्हाई, माज्याकडं दिऊ नगंस तिला. तिच्या आयच्या हातात दे. पल्याडच्या दोन्ही झोळ्या बी सोड, ती पोरं ज्येंची त्येंस्नी दे, मग आपिसात जा. मालकाला समदं सांग — टोकाचं, झोळ्यांचं, आन माज्या डोळ्याचं बी. राणी माहेरी गेली तर जाऊ दे. जा, हुबा ऱ्हाऊ नगंस हितं.