दुसऱ्याचं कुलूप

अहो नाही, त्या पॅनेलला हात नका लावू — लाइन चालू आहे अजून. तळघरात पाणी भरतं, पंप चालवावा लागतो, म्हणून कंपनीनं वीज ठेवलीय. बाकी सगळं सात वर्षं ठप्प. तुम्ही हे प्रेसचं यंत्र बघायला आलात, प्रेस बघा — भंगारात घाला, नाहीतर नेऊन दुसऱ्या गावात चालवा, मला काय त्याचं. काय? हा भिंतीवरचा काळा डाग? अपघात झाला होता. माझ्या ताईचा नवरा. भाऊजी माझे. इथलेच वायरमन, बावीस वर्षं. केबल कापायला आत शिरले होते, मी पंपासाठी स्विच वर केला, आत माणूस आहे हे मला काय ठाऊक — खेळ खल्लास. पोलिसांनाही हेच सांगितलं. आणि हेच खरं आहे.

चोर म्हणू नका हं त्यांना. मी म्हणेन, तुम्ही नाही म्हणायचं. कारखाना बंद पडला आणि अख्खं गाव तांब्यावर जगायला लागलं — केबल कापायची, जाळायची, तांबं विकायचं. ज्या घरात बघाल त्या घरात जळक्या रबराचा वास. आणि राखणीला कोण? मी! सगळ्यांत एकट्या माझी नोकरी राहिली, तो काय माझा गुन्हा? कंपनीचा कुत्रा म्हणायचे मला. एकदा चौघांनी धरलं, तिथं, फाटकापाशी, आणि पाइपनं हाणलं. हे बघा, खालचे दात — आहेत का? नाहीत. गुडघ्याची वाटी फुटली. मातीत पडून वर बघतोय, तर पाचवा माणूस सायकल धरून उभा. भाऊजी. मारलं नाही हो त्यांनी, बोटसुद्धा लावलं नाही. पण 'पुरे' एवढंही म्हणाले नाहीत! ज्यांनी मला हाताला धरून काम शिकवलं, त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. मारणाऱ्यांवरचा राग निवला माझा. हा एक माणूस काही डोक्यातून जाईना.

शिकवलं काय म्हणता? तुम्ही यंत्रातले, तुम्हाला कळेल. दुरुस्तीला हात घालायचा तर आधी स्विच खाली, मग त्याच्या कडीत आपलं कुलूप. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं — साहेब येवो, मालक येवो, दुसऱ्यानं शिवायचं नाही. प्रत्येकाचा रंग वेगळा, भाऊजींचं हिरवं. पहिल्याच आठवड्यात मी कुलूप लावायला विसरलो, तर खाडकन कानाखाली वाजवली त्यांनी. आणि मग स्वतःच्याच डब्यातलं जेवायला दिलं. असा माणूस.

आणि चोरीला आले तेव्हाही लावलं की हो त्यांनी! हसताय काय? बरोबर आहे, हसण्यासारखंच आहे. चोर, आणि रीतसर कुलूप लावून आत गेलेला. भर दुपारी मी फेरी मारत इथं आलो, बघतो तर स्विचचे दोन्ही दांडे खाली, त्यांच्या कडीत हिरवं कुलूप, आणि आतून करवतीचा आवाज. मग मी — मी पण करवतीचं ब्लेड आणलं, कुलूप कापायला. त्यांची करवत आणि माझं ब्लेड, दोन्ही एकदम चाललेली, म्हणून त्यांना काही ऐकू जाईना. कुलपाची कडी जाड हो. एक ब्लेड तुटलं, तेव्हा खोलीपर्यंत जाऊन दुसरं आणलं. घामाघूम झालो. मध्ये थांबता आलं असतं? आलं असतं ना! पण हात थांबेना, तोंडात ते रक्त पुन्हा आल्यासारखं वाटत होतं. कुलूप पडलं. पहिला दांडा वर केला, दिव्यांचा. सगळी शेड उजळली. तशी आतून हाक आली — 'कोण आहे रे? माझं कुलूप आहे!' घाबरलेला आवाज नाही, बरं का. चिडलेला. शिकाऊ पोरावर चिडावं ना, तसा. आणि करवत परत सुरू. केबलवरचा हात काढला नाही त्या माणसानं! कशाला काढतील? बावीस वर्षांत कुणी कुणाच्या कुलपाला हात लावला नव्हता इथं. मग मी दुसरा दांडा, पंपाच्या केबलचा —

काय? कापलं म्हणालो? मी? छे, गंजलेलं होतं ते, आपोआप निघालं. आणि लिहून काय घेताय? ती वही खिशात ठेवा आधी. ठेवा म्हणतो ना! थांबा — फाटक वाजलं. ताई आली. रोज डबा आणते मला. तिला माझ्याशिवाय कोण आहे आता? रोज बसते समोर आणि रोज तेच विचारते — त्यांनी हाक मारली होती का रे? मी सांगतो, नाही, कळलंसुद्धा नाही त्यांना, झटक्यात गेले. चार घास खाते मग. तुम्ही त्या मागच्या दारानं निघा. प्रेस बघून झाली. आणि बाहेर कुठं तोंड उघडलंत तर दात मोजायला घरच्यांना बोलवावं लागेल — अहो बघत काय राहिलात, निघा!

ये ताई, इकडं ये. कुणी नाही गं. आवाज? कसला आवाज? मला तर काही ऐकू आलं नाही.