कपाटातले पाच दाणे

…आणि वर मलाच म्हणतात, "सर, तुमची बाजू मांडा." चौथीतली पोरं हो! ज्यांना अजून शर्टाची बटणं धड लावता येत नाहीत, एक वर एक खाली, ती समोर ओळीने बसून मला, सव्वीस वर्षं खडू झिजवलेल्या माणसाला, माझी बाजू मांडायला सांगतात, आणि हे शिकवलं कोणी त्यांना? मीच! 'निर्णय घेण्याआधी समोरच्याचं ऐकून घ्यावं', नागरिकशास्त्र, पाठ तिसरा, फळ्यावर मीच लिहिलं आणि वह्यांत दोनदा उतरवून घेतलं. आता ह्यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं माझं बरं चाललं होतं. वाचा, लिहा, पाठ करा. मुलं पाठ करायची, परीक्षेत ओकायची आणि सुट्टीत विसरायची, कोणाची काही तक्रार नव्हती. मग आलं ते प्रशिक्षण. तीन दिवस एका सभागृहात बसवलं, खुर्च्या अशा की पाठीचा कणा स्वतंत्रपणे राजीनामा देईल, आणि समोर माझ्या मुलीच्या वयाची एक ताई, हातात माईक. "सर, तुम्ही बोलू नका, मुलांना बोलू द्या. तुम्ही सांगू नका, मुलांना करू द्या." मी म्हटलं, मग मी करायचं काय? तर म्हणाली, "तुम्ही फक्त उत्सुकता निर्माण करायची." चौपन्नाव्या वर्षी! इथे उठताना गुडघ्यातून आवाज निर्माण होतो तेवढंच. घरी येऊन हिला सांगितलं, तर ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्ही बोलायचं नाही म्हणजे मुलांचं कल्याणच की."

पण मी ते मनावर घेतलं हो. घ्यावं लागलं. कारण मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं की वीस तारखेला तपासणीचे साहेब येणार आहेत, त्यांना 'रंजक पाठ' बघायचेत, एक विज्ञानाचा, एक नागरिकशास्त्राचा, आणि तुमचा वर्ग निवडलाय. आता माझाच का? तर दुसऱ्या तुकडीच्या सरांची कंबर नेमकी एकोणीस तारखेला धरणार होती. आधीपासून ठरलेलं होतं ते.

आणि मग बाईंनी पुढे केला तक्ता. पाठाचं नाव, साहित्य, कृती, आणि शेवटचा रकाना… निष्पत्ती. मी म्हटलं, बाई, हा रिकामा ठेवतो, प्रयोग अजून व्हायचाय. बाई म्हणाल्या, "प्रयोग होईल हो सावकाश, पण तक्ता आठ दिवस आधी जायला लागतो, निष्पत्तीसकट. रिकामा रकाना परत येतो." म्हणजे बघा, बारसं आधी, बाळ नंतर! मी पुस्तक उघडलं. 'वनस्पतींच्या वाढीसाठी सूर्यप्रकाश आवश्यक असतो.' झालं. लिहून टाकलं: खिडकीतल्या वाटीतले दाणे उगवतील, कपाटातल्या वाटीतले उगवणार नाहीत. खाली सही. आयुष्यात मी स्वतः कधी एक दाणा पेरला नव्हता, पण पुस्तकात होतं, बाई घाई करत होत्या, लिहिलं. ह्यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी दोन वाट्या, ओला कापूस, प्रत्येक वाटीत घेवड्याचे पाच दाणे. एक वाटी खिडकीत, एक कपाटात, तळाच्या फळीवर, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे. दाराच्या फटीला कागद चिकटवला, खडूही त्याच कपाटात असतो, म्हणून आठ दिवसांचा आधीच बाहेर काढून ठेवला, कुलूप लावलं. मी विचारलं, किल्ली कोणाकडे ठेवायची? बत्तीसच्या बत्तीस पोरं एका आवाजात, "सरांकडे!" बरं वाटलं हो मला. खोटं कशाला बोलू, छाती जरा फुगलीच.

आता तास संपायला दहा मिनिटं राहिली आणि नागरिकशास्त्राचा रंजक पाठ अजून बाकी. तेव्हा माझ्या सुपीक डोक्यातून निघालं की एका दगडात दोन पक्षी मारू. मतदान! बुटांचं खोकं घेतलं, वर चीर पाडली, चिठ्ठ्या वाटल्या. प्रश्न काय? तर, कपाटातले दाणे उगवतील की नाही? ताईने ऐकलं असतं तर माईक सोडून माझ्याकडे धावत आली असती, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, मारायला आली असती.

मोजणी झाली. 'नाही' एकतीस. 'होय' एक.

ते एक मत कोणाचं हे मला खोकं न उघडताही कळलं असतं. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, पहिल्या बाकावर, कोपऱ्यात. बारीक, अबोल, पण बोलली की बरोबर टोचते. तिला मी टाचणी म्हणतो. म्हणजे मनात म्हणायचो, पण पोरांना मनातलं ऐकू येतं, आता सगळेच म्हणतात. ती उभी राहिली. म्हणाली, "सर, जमिनीत पण अंधारच असतो ना? आई दाणे मातीत पुरते तेव्हा वरून झाकतेच."

तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षांत मला कोणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. ताई ज्याच्यासाठी तीन दिवस घसा कोरडा करत होती ती उत्सुकता, ती ही, समोर उभी होती, दोन वेण्या घालून. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "बाळ, लोकशाहीत बहुमताचं ऐकायचं असतं. बस खाली." ती बसली. वहीत तिने काहीतरी लिहिलं आणि मी फळ्यावर लिहिलं, ठराव मंजूर.

घेवड्याला कोणी ठराव वाचून दाखवला नाही, तो भाग वेगळा.

वीस तारीख. साहेब दहाला येणार, मी साडेआठलाच शाळेत. म्हटलं, जरा डोकावून घ्यावं. कुलूप काढलं, नकाशे बाजूला केले आणि… अहो, वीतभर! पाचच्या पाच! खिडकीतल्या वाटीतले बोटभर, हिरवे, गुटगुटीत, आणि हे त्यांच्या दुपटीहून उंच, पिवळट, लटलटणारे, आजाऱ्याच्या मानेसारखे, पण उगवलेले. उगवलेले हो! मी खाली फरशीवर बसलोच. मला काय दिसलं सांगू? रोप नाही दिसलं. मला तो तक्ता दिसला, त्याच्यावरची माझी सही दिसली, बाईंचा चेहरा दिसला, आणि एकतीस पोरं दिसली, ज्यांचा ठराव मी छातीठोकपणे मंजूर केला होता.

शिक्षक आहे मी, चोर नाही. पण त्या दिवशी हात चोराचे झाले. पाची रोपं उपटली, रुमालात गुंडाळली, रुमाल पँटच्या खिशात. उरलेल्या घेवड्याच्या डब्यातले पाच कोरडे दाणे काढले, कापसावर ठेवले, वरून थोडं पाणी. कुलूप. दोन मिनिटांचं काम. तुम्हाला सांगतो, इतकं नीटनेटकं काम मी त्या वर्गात दुसरं केलेलं नाही.

साहेब आले. खिडकीतली वाटी बघितली, "वा." कपाट उघडलं, वाटी बाहेर काढली, "वा वा. आणि मुलांनी हे आधीच ओळखलं होतं? मतदान करून? फारच छान." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, आता काय सांगायचं. खिशात रुमाल ओला होत होता, मांडीला गार लागत होता.

आणि टाचणीने हात वर केला.

साहेब कौतुकाने म्हणाले, बोल बाळ. ती वाटीजवळ आली, वाकून बघितलं, आणि साहेबांशी नाही, माझ्याशी बोलली. "सर, ह्यांच्यावर निळा ठिपका नाही."

कसला ठिपका? तर प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत होतं की शास्त्रज्ञ आपल्या नमुन्यावर खूण करतो, ते मी वर्गात वाचून दाखवलं होतं, आणि वाचून मोकळा झालो होतो. बाकीच्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. हिने कपाटातल्या पाची दाण्यांवर, आत ठेवण्याआधीच, बॉलपेनने एकेक ठिपका केला होता. मी शिकवलेली गोष्ट कोणी खरंच करेल अशी मला सवयच नाही हो!

साहेब माझ्याकडे बघतायत, मोठ्या बाई माझ्याकडे बघतायत. एक क्षण होता, तेवढ्यात सांगता आलं असतं. मी म्हटलं, "पाण्याने धुऊन गेला असेल."

ती म्हणाली, "बरं, सर." आणि जागेवर जाऊन बसली. ना रडली, ना रुसली. साहेबांनी शेऱ्यात 'उत्कृष्ट' लिहिलं आणि बाईंबरोबर चहाला गेले. मी खुर्चीवर टेकलो, म्हटलं, सुटलो. आणि सहज तिच्याकडे नजर गेली. वही उघडून ती खोडरबरने काहीतरी खोडत होती. सावकाश, कागद फाटू नये अशा बेताने. मी मागे जाऊन उभा राहिलो. आठ दिवसांपूर्वी लिहिलेलं होतं, 'मला वाटतं उगवेल, कारण जमिनीतही अंधार असतो.' त्यातलं 'मला वाटतं उगवेल' खोडून झालं होतं.

तुम्हाला सांगतो, मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. मुलं चुकीचं लिहितात, मी लाल पेनाने काट मारतो, जन्म त्यात गेला. पण बरोबर लिहिलेलं एक मूल स्वतःच्या हाताने पुसतंय, आणि ते माझ्यामुळे, हे मी पहिल्यांदा बघितलं.

रुमाल काढला. टेबलावर उघडला. सगळी पोरं भोवती जमली. पाच पिवळी रोपं, चुरगळलेली, आणि त्यांच्या डोक्यावर टोपीसारखी अडकलेली सालं, आणि सालांवर… निळे ठिपके. मी म्हटलं, हे सकाळी मी काढले. ती बरोबर होती, आपण सगळे चुकलो होतो, आणि त्यानंतर मी एकटा खोटं बोललो.

टाचणी म्हणाली, "मला माहीत होतं ठिपका जात नाही. मी घरी एक दाणा ठिपका करून पाण्यात ठेवलाय. आठ दिवस झाले, तसाच आहे."

मी विचारलं, "मग खोडत का होतीस?"

ती म्हणाली, "ते एकतीस जण, आणि तुम्ही, आणि साहेब. मला वाटलं, मीच चुकले असेन."

नाही, थांबा जरा. पाणी पितो.

…तर मी तसाच उठलो, रुमाल घेऊन ऑफिसात गेलो आणि चहाच्या कपासमोर ती रोपं ठेवून सगळं साहेबांना सांगितलं. म्हटलं, शेरा बदला, जे व्हायचं ते होऊ दे. साहेबांनी चष्मा काढला, रोपांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "सर, तुमची भावना समजते. पण निष्पत्ती आठ दिवसांपूर्वीच वर गेलेली आहे. आता हे उगवलं असेल तर त्याची नोंद पुढच्या वर्षीच्या तक्त्यात घेता येईल." आणि बिस्कीट बुडवलं. खरं बोलायलासुद्धा रकाना लागतो, आणि माझा भरलेला होता! ह्यात माझं काय चुकलं… नाही, ते राहू द्या. ते आता विचारत नाही.

वर्गात परत आलो तर पोरांनी सभा भरवलेली. बाकं गोल लावलेली, खोकं मधोमध. "सर, तुमची बाजू मांडा." मांडली. तक्ता, सही, घाई, सगळं सांगितलं. एक जण उठून म्हणाला, "आता मत घेऊ, सर चुकले की नाही." आणि चिठ्ठ्या फाडायला लागलासुद्धा. माझ्या मनात आलं, पोरं मायाळू आहेत, निसटेन की काय बहुमताने! तर टाचणी उभी राहिली. म्हणाली, "त्याच्यावर मत नाही घ्यायचं. ते आपण बघितलंय. आता पुढे काय करायचं, त्याच्यावर घेऊ."

तीन दिवसांचं प्रशिक्षण, सव्वीस वर्षांची नोकरी, आणि मला हा फरक कळला तो त्या क्षणी, चौथीच्या वर्गात, आरोपीच्या बाकावर बसून. जे आहे ते मतांनी ठरत नाही, आणि जे करायचं ते एकट्याने ठरवायचं नाही. दोन्ही विषय दोन वाक्यांत संपले. मी वही काढली आणि लिहून घेतलं.

मग ठराव आला. कपाटाची किल्ली यापुढे सरांकडे नाही, टाचणीकडे. मला एक मत देण्याची परवानगी मिळाली. ठरावाच्या बाजूने बत्तीस, विरोधात एक. मतदान गुप्त होतं, त्यामुळे ते एक कोणाचं हे मी सांगणार नाही. पोरं म्हणतात, अक्षर ओळखीचं वाटतं.

'उत्कृष्ट'चं प्रमाणपत्र महिन्याने आलं. बाई म्हणाल्या, भिंतीवर लावा. मी म्हटलं, नको, कपाटात ठेवतो, तळाच्या फळीवर, नकाशांमागे. घेवडा खिडकीतला तेवढा राहिलाय, आता त्याला काठी लावलीय. वहीतलं ते वाक्य तिने पुन्हा लिहिलं, ह्या वेळी बॉलपेनने.

आणि मी? माझं काय असणार! रोज सकाळी वर्गात जातो, हजेरी घेतो, फळ्याकडे वळतो, आणि खडू हवा असला, की हात वर करून उभा राहतो.