खिडकीवरचं सरकार

(यवतमाळ, दुपार. कापसाचं खरेदी केंद्र यंदा अजून उघडलेलं नाही, म्हणून शेजारच्या अय्यूबभाईंचा कापूस शीलाबाईंच्या पुढच्या खोलीत खिडकीपर्यंत रचलेला. कापूस गरम होऊ नये म्हणून खिडकी उघडी. शीलाबाई खिडकीशी काठी घेऊन. लेक गौरी कायद्याचं शिकते. उद्या तिची अभिरूप न्यायालयाची स्पर्धा.)

शीला : हट्! हट् म्हणते ना! पाह्य कशी पाहून राह्यली माह्याकडे. पोट टेकलं जमिनीले, तरी खिडकी सुटत नाही बाईची.

गौरी : आई, ती मांजर सोड आणि माझं ऐक. उद्या मला सरकारची बाजू आलीय. एक देश आहे. जीव वाचवायला माणसं त्याच्या सीमेवर येतात. कायदा म्हणतो, जो आत येऊन आसरा मागेल त्याचं ऐकल्याशिवाय त्याला परत पाठवायचं नाही.

शीला : बरोबर आहे. मग भांडण कायचं?

गौरी : सरकारनं पहाराच पुलाच्या मधोमध नेऊन ठेवला. कोणाचं पाऊल या काठाला लागूच द्यायचं नाही. कोणी आत आलंच नाही, तर ऐकायचं कोणाचं? आणि हे कायदेशीर आहे असं मला पटवायचंय. सांग, काय बोलू?

शीला : त्यात काय! म्हणावं, घर आमचं. कोणाले घ्यायचं ते आम्ही ठरवू.

गौरी : हां. पुढे?

शीला : आज एकीले घेतलं की उद्या सारी गल्ली गोळा होते. अन् घरात लोकाचा माल ठेवेल आहे, त्याची राखण कोण करीन? हट्! मेली दिसते तेवढी गरीब नाही.

गौरी : वा, सरकारी वकील तूच हो! पण एवढी राखण कशाला करतेस? आत आली तर हाकलून दे.

शीला : काहीतरीच बोलते! घरात व्यालेली मांजर हाकलत नसतात. माह्या सासूनं कधी हाकलली नाही, मी नाही. पिल्लं तोंडात धरून ती आपल्या मनानं जाईन तवाच जाईन. म्हणून तर आत येऊच द्यायची नाही. एकदा कापसात व्याली, की मंग मले काठी उचलता येत नाही.

गौरी : अच्छा.

शीला : अशी काय पाहते?

गौरी : पुलावरचा पहारेकरी पाहतेय. तू नियम मोडत नाहीस, आई. नियमाची पाळीच येऊ देत नाहीस.

शीला : मले बोल नको लावू. माह्यासाठी करून राह्यली का मी? अय्यूबभाऊनं विश्वासानं वर्षाचा माल ठेवला. डाग पडला तर व्यापारी भाव पाडीन.

गौरी : मागच्या वेळी कुठे व्याली होती ती?

शीला : घरामागं, लाकडाच्या खोपीत.

गौरी : मग?

शीला : बोक्यानं एकही पिल्लू ठेवलं नाही. रात्रभर ओरडत फिरली बिचारी. तू होस्टेलले होती. मी कानावर उशी घेऊन निजली. अजून वाईट वाटते मले.

गौरी : आणि आज बोका कुठंय?

शीला : कुंपणावर. सकाळपासून बसला आहे.

अय्यूब : वहिनी, येऊ का? म्हटलं कापूस आतून गरम तर नाही झाला, पाहून येतो. अरे, ही काठी कायले?

शीला : तुमच्याच कापसासाठी, भाऊ. ही पोटुशी आहे, आत घुसून राह्यली.

अय्यूब : माह्या कापसासाठी? मले विचारलं का? या अल्ला! यंदा या कापसाले कोणी विचारून नाही राह्यलं, वहिनी. व्यापारी गाडी पाहून तोंड फिरवते. ही एकटी गिऱ्हाईक दारावर आली, अन् तुम्ही तिलेच काठी दाखवता?

शीला : अन् डाग पडला म्हणजे?

अय्यूब : हा कोपऱ्यातला शेवटच्या वेचणीचा आहे, हलका. टोपलंभर काढतो, इथंच खिडकीखाली ठेवतो. बाकीच्यावर ताडपत्री टाकू. अन् एक सांगतो, माह्या नावानं कोणाले दारातून वापस नका लावत जाऊ. माह्या बायकोले, सईदाले समजलं तर मलेच घरात घेणार नाही.

गौरी : झालं! राखणीचा माझा मुख्य मुद्दाच गेला. चाचा, उद्या मला सरकारकडून बोलायचंय.

अय्यूब : बोल न बेटा. फक्त हेही सांगजो, का ज्याच्यासाठी पहारा होता त्याले कोणी विचारलंच नव्हतं.

गौरी : ते समोरचा वकील सांगेल, चाचा!

शीला : तुमचं कोर्ट उद्या. मी खिडकी सोडते. ये बाई, ये. अय्यूबभाऊ, ही काठी घ्या अन् आधी तो बोका हाकला. हात भरून आला होता माहा. बरं वाटलं सोडून.

अय्यूब : चाललो. सरकारचा हुकूम!

गौरी : आई, आली गं! सरळ टोपल्यातच गेली. बघ कशी पायानं कापूस दाबतेय. आता मी काय बोलू उद्या? माननीय न्यायमूर्ती महोदय, आमच्या देशात जागा...

शीला : हळू बोल. घरात बाळंतीण आहे.